डुबकी-गल्लीचं फाटक

हॉल्मसी
३ मार्च १९६९

प्रिय हेटी,

बातमी वाईट आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. रॉथवेल हाऊस गेलं. मिस ऑगस्टांच्या पुतण्याने ते फ्लॅट बांधणाऱ्या एका कंपनीला विकलं, आणि समुद्राच्या वाऱ्याला पावणेदोनशे वर्षं तोंड दिलेलं ते घर कंपनीने लोखंडी गोळा आपटून आठवड्याभरात भुईसपाट केलं. अख्खं हॉल्मसी बघायला लोटलं होतं. मीही लोकरीचं दुकान बंद करून गेले. माझी सगळी गिऱ्हाइकं तिथेच होती, त्यामुळे नुकसान काही झालं नाही. जिना सर्वांत शेवटी पडला. वर मजलाच उरला नव्हता, तरी तो आपला ऐटीत गोल गोल वर गेलेला.

निघताना प्रत्येकाने काही ना काही उचललं. दिवाणखान्याच्या छतावरचा प्लास्टरचा द्राक्षांचा घोस मी घरी आणलाय, शेकोटीच्या वर ठेवलाय. छपरावरचा वारा दाखवणारा कोंबडा हवालदार पॉटरने सायकलला बांधून नेला. कुणी काही नेऊ नये म्हणून त्याला तिथे उभं केलं होतं.

पण खरं संकट पुढेच आहे. कंपनीने घराच्या कडेच्या डुबकी-गल्लीच्या फाटकाला साखळी घातली. आता समुद्रावर जायचं म्हणजे रेल्वेच्या पुलावरून लांबलचक वळसा. मी रोज सकाळी पोहायला जाते हे तुला माहीत आहे. (थंडीतही जाते, आणि मला वेड लागलंय हे तू मागेच लिहून मोकळी झालीस.) कोळंबीवाले, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, सगळेच अडकलेत. गल्ली लोकांची की कंपनीची हे ठरवायला जुलैत लंडनहून एक निरीक्षक येणार आहेत, जाहीर सुनावणी होणार आहे.

एमस काका आयुष्यभर त्या फाटकाचे राखणदार होते. ते आता नाहीत, म्हणून त्यांच्या मुलीचा शब्द हवा. एवढंच लिहून पाठव, की फाटक कधी एकदाही बंद नव्हतं. तुझ्या नवरोबाला, क्लेमला, माझी आठवण सांग.

तुझी मावसबहीण,
आयडा


फ्रीमँटल
१५ मार्च १९६९

प्रिय आयडा,

घर पडल्याचं वाचलं आणि चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. बाबा आणि मिस ऑगस्टा दोघंही गेल्या वर्षी एकाच हिवाळ्यात गेले ते बरंच झालं म्हणायचं. हे बघणं त्यांच्या नशिबी नको होतं. पॉटरच्या कोंबड्यापाशी मात्र हसू आवरेना.

पण तू मागतेस ते मला लिहिता येणार नाही, कारण ते खरं नाही. फाटक दरवर्षी एक दिवस बंद असायचं. सकाळी बाबा कुलूप लावायचे आणि संध्याकाळी काढायचे. थोरल्या रॉथवेलांच्या वकिलांनी घालून दिलेला नेम होता तो. बाबांनी तो एकदाही मोडला नाही. अंगात ताप असताना कोट चढवून कुलूप लावायला गेलेलं मी त्यांना पाहिलंय.

कंपनीचंही पत्र आलंय मला, चांगल्या जाड कागदावर. ‘आपल्या वडिलांच्या कर्तव्यदक्षतेबद्दल आम्ही ऐकून आहोत, त्याबाबत चार ओळी लिहून द्याव्यात’ असं म्हणतात. बाबांबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचलं. हॉल्मसीत तर सगळे त्यांना ‘ढकल-एमस’ म्हणायचे, फाटक ढकललं की उघडतं म्हणून. त्यात तूही होतीस.

तुझी,
हेटी


हॉल्मसी
२६ मार्च १९६९

प्रिय हेटी,

तुझं पत्र दुकानात उभ्याउभ्या वाचलं, आणि त्या नादात एका बाईला निळीच्या जागी जांभळी लोकर बांधून दिली. तिचा नवरा आता जांभळा स्वेटर घालून कामावर जाणार.

अगं, अठ्ठावन्न वर्षं मी इथे राहते आहे. फाटक बंद असलेलं मी पाहिलेलं नाही. खाटकाने पाहिलेलं नाही. पॉटरच्या आईनेही नाही, आणि तिच्या खिडकीतून काय सुटतं ते तुला ठाऊक आहे. तुमच्या तिकडच्या उन्हाने तुझ्या आठवणी उकडून निघाल्यात असं आमचं सगळ्यांचं मत पडलं.

हे हसण्यावारी नेऊ नकोस. आमचे वकील मिस्टर हेसम यांनी समजावून सांगितलं ते असं. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने बिनदिक्कत जात असतील, तर ती वाट लोकांची होते. पण मालकाने वर्षातून एक दिवस जरी ती बंद केली, तर वाट मालकाची राहते आणि लोक नुसते पाहुणे ठरतात. म्हणजे तुझा तो एक दिवस आमच्या वीस वर्षांवर पाणी फिरवणार.

सुनावणीसाठी घराचा आणि गावाचा इतिहास लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. जहाजांचे दोरखंड विकून गब्बर झालेल्या जोसाया रॉथवेलने तिसऱ्या जॉर्जच्या काळात हे घर बांधलं. डाव्या-उजव्या बाजूंना सारख्या खिडक्या, दारावर अर्धगोल काच, सगळं कसं मापात. खिडक्यांवरचा कर वाढला तेव्हा या धनवान माणसाने एक खिडकी विटांनी बुजवली आणि वर काचा रंगवून घेतल्या. डॉक्टरने त्याला समुद्रस्नान सांगितलं, म्हणून त्याने पाण्यापर्यंत गल्ली काढली. चाकांच्या खोलीत बसायचं, घोडा ती पाण्यात ओढणार, आणि आत हा बुडी मारणार. मग शहरातले लोक बुडी मारायला येऊ लागले, त्यांच्यासाठी खानावळी झाल्या, मग रेल्वे आली आणि त्याच्या नातवाने जमीन तुकड्यातुकड्याने विकून आपलं उपनगर वसवलं. रस्त्यांना त्याने मुलींची नावं दिली. शार्लट लाडकी, म्हणून शार्लट स्ट्रीट रुंद आणि झाडांचा. सोफाया एका शिपायाबरोबर पळून गेली, तिच्या नावे कोळशाच्या वखारीचा बोळ. माझं दुकान सोफाया स्ट्रीटवर आहे, हे तू विसरली नसशील.

एक सुचवू? असं तर नसेल, की काका घरी ‘लावलं’ म्हणायचे आणि प्रत्यक्षात लावायचे नाहीत? मऊ स्वभावाचा माणूस. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

तुझी,
आयडा


फ्रीमँटल
५ एप्रिल १९६९

आयडा,

माझे वडील खोटं बोलत नव्हते. ते फाटकापाशी उभे राहिले, पाऊस असो की गारा, म्हणून तुम्हा सगळ्यांना सुखाने समुद्रावर जाता आलं. आणि आता ते गेल्यावर तू त्यांना खोटारडे ठरवतेस, तेही ‘वावगं वाटत नाही’ म्हणून.

कंपनीला जबानी पाठवून दिली आहे. दरवर्षी एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, फाटकाला कुलूप असायचं आणि ते एमस फेअरक्लॉ स्वतःच्या हाताने लावायचे, एवढंच लिहिलंय. जे खरं आहे तेच.

हेस्टर ऑर्मरॉड


हॉल्मसी
१४ मे १९६९

प्रिय हेटी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा शेकोटीत टाकलं. दुसरं पत्र फारच चांगलं जमलं होतं.

तुझी जबानी कंपनीने मिस्टर हेसमना दाखवली. ती वाचून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. बातमी फुटली. आता खाटीक मला मुद्दाम चरबीचा तुकडा कापून देतो. कोळंबीवाला म्हणाला, ‘तुझी बहीण ऑस्ट्रेलियात आहे ना, मग तिथला समुद्र तिला पुरत नाही का?’ मी त्याला म्हटलं, माझ्या बहिणीला काय बोलायचं ते मी बोलेन, तू तुझ्या कोळंब्या मोज. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

त्या वाक्याबद्दल मला वाईट वाटतं. काकांना मी खोटारडे म्हणायला नको होतं. पण हेटी, मग आम्ही सगळे काय आंधळे होतो? हजार माणसांच्या वस्तीत, रोज वापरातली वाट दरवर्षी एक दिवस बंद व्हायची आणि कुणालाच कळलं नाही? पोहायला निघालेलं एखादं तरी माणूस टॉवेल घेऊन परत आलं असतं की नाही? सुनावणीपुरतं मी विचारत नाहीये, ते तर गेल्यातच जमा आहे. माझ्या डोक्याला भुंगा लागलाय.

तुझी,
आयडा


फ्रीमँटल
२५ मे १९६९

प्रिय आयडा,

कोळंबीवाल्याला तू बोललीस ते वाचून माझा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा तुझ्याशी भांडायला राखून ठेवते.

कळलं नाही म्हणतेस, म्हणजे काय ते तुम्हीच जाणा. मला तर आत्ता डोळ्यांसमोर दिसतंय. बाबांचा चांगला काळा कोट, मी त्यांची टोपी आणि सँडविचचा डबा धरून उभी, आणि ते कुलपाशी झटतायत, कारण वर्षातून एकदाच लावायचं म्हणून ते गंजलेलं असायचं. नाक्यावर बसगाड्या उभ्या असायच्या आणि सगळे खिडक्यांतून माना काढून ओरडायचे, ‘ढकल-एमस, चल की लवकर, मेंढ्या म्हाताऱ्या होतील!’ मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग आम्ही दोघं धावत सुटायचो. इथे यायच्या आदल्या वर्षापर्यंत, मी चांगली चाळिशी उलटलेली बाई, त्या डब्यासकट धावले आहे. आता सांग, हे काय मी स्वप्नात पाहिलं?

अंड्याचे सँडविच असायचे. इथे तसे होत नाहीत, कोंबड्याच वेगळ्या.

तुझी,
हेटी


हॉल्मसी
३ जून १९६९

माझ्या लाडक्या, शहाण्या, आंधळ्या हेटी,

तुझं पत्र वाचून मी दुकानातल्या स्टुलावर बसले आणि हसत सुटले. एक गिऱ्हाईक पाणी आणायला धावलं. मी तिला पत्र वाचून दाखवलं, मग ती बसली आणि मलाच पाणी आणावं लागलं.

सहलीचा दिवस. अगं, सहलीचा दिवस.

वर्षातून एकदा चॅपलची सहल डोंगरात जायची. जन्मभर समुद्र बघणारी माणसं तोंडं उघडी टाकून मेंढ्या बघायची. चॅपलवाले, चर्चवाले, कॅथलिक, कशालाच न मानणारा खाटीक, सगळे त्या दिवशी एक. दुकानं बंद, शाळा बंद, पॉटरची चौकी बंद. हॉल्मसीत चोर शिरला असता तर त्याला वाट विचारायलाही माणूस मिळालं नसतं. आणि त्याच दिवशी, सगळे बसमध्ये चढल्यावर, काका फाटकाला कुलूप लावायचे. आम्ही परतलो की धावत जाऊन काढायचे. आम्ही त्यांना ओरडून घाई करत होतो, पण ते कशात अडकलेत हे बघायला एकाचीही मान वळली नाही. फाटक आणि बसगाड्या यांच्या मध्ये तर घराची भिंत होती.

मिस्टर हेसमकडे मी धावतच गेले. ते म्हणाले, फाटक नुसतं लावून भागत नाही, ते लागलंय हे लोकांना कळायला हवं. त्याच्यासमोर येऊन कुणीतरी परत फिरलं पाहिजे. इथे परत फिरायला कुणी गावातच नव्हतं. तुझ्या जबानीत एक शब्द खोटा नाही, आणि आमच्यात एकही आंधळा नाही. आता फक्त तो दिवस कुठला, एवढं शपथेवर लिहून पाठव. आपण जिंकलो, हेटी.

तुझी,
आयडा


फ्रीमँटल
१२ जून १९६९

प्रिय आयडा,

क्लेमलाही तुझ्यासारखंच हसू आलं. मी त्याला परसात लाकडं फोडायला पाठवलं, अजून तो तिथेच आहे. मला हसू आलं नाही.

जरा माझ्या जागी बसून वाच. मालकिणीने माणसाला सांगितलं, एक दिवस वाट बंद कर. त्याने मुद्दाम असा दिवस शोधला, की बंद करूनही बंद होऊ नये. आणि पगार मात्र पूर्ण घेतला. म्हणजे माझे वडील खोटारडे नव्हते, तर लबाड होते. मिस ऑगस्टांनी त्यांना राहायला घर दिलं, आईच्या आजारपणात डॉक्टर पाठवला, आणि त्यांनी जन्मभर तिच्या डोळ्यांत धूळ फेकली. हे मी शपथेवर लिहू? सगळ्या गावासमोर ते वाचलं जाणार आणि गाव हसणार. प्रेमानेच हसेल, पण हसेल.

तुझी गल्ली तुला मिळावी असं मला मनापासून वाटतं. पण हे माझ्या हातून होणार नाही.

हेटी


हॉल्मसी
२० जून १९६९

प्रिय हेटी,

तू म्हणालीस तसं तुझ्या जागी बसून वाचलं. तुझं बरोबर आहे, हसण्याची घाई मी केली.

पण डोळ्यांत धूळ फेकायची तर ते डोळे पाठमोरे हवेत. त्या दिवशी मिस ऑगस्टा कुठे असायच्या? आठव. सहल त्यांनीच सुरू केली, चहाचा खर्च त्यांचा, पोत्यांच्या शर्यतीची बक्षिसं त्यांच्या हातून. पहिल्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, ती उन्हाळी टोपी घालून. ऐंशी उलटल्यावरही चुकवली नाही. म्हणजे काका फाटकापाशी झटत असायचे तेव्हा त्या बसमध्ये बसून वाटच बघत असायच्या. ते चढल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी हलवू द्यायच्या नाहीत. कशाची वाट बघायच्या?

काका चढले की आधी वाकून त्यांच्यापाशी काहीतरी करायचे, एवढं मागून दिसायचं. मी नेहमी शेवटच्या बाकावर पोरांना सांभाळत असायचे. चार जणांना विचारलं, कुणाला नीट सांगता येत नाही. पण तू त्यांच्या मागोमाग चढायचीस, हातात डबा घेऊन. तू अगदी जवळ असायचीस.

मी ‘आठव’ म्हणते, ‘असं आठव’ म्हणत नाही. काहीच आठवलं नाही तर तसं लिही, मी पुन्हा विचारणार नाही. सुनावणी आठ जुलैला आहे.

तुझी,
आयडा


तार
फ्रीमँटल, २७ जून १९६९

बाबा चढून किल्ली मिस ऑगस्टांच्या हातात देत. त्या पर्समध्ये पेपरमिंटच्या डबीशेजारी ठेवत. मग ड्रायव्हरला निघा म्हणत. संध्याकाळी किल्ली परत देत. दरवर्षी. माझ्या डोळ्यांदेखत. दिवस मिस ऑगस्टांनीच ठरवलेला. शपथपत्र विमानाने निघाले. क्लेम म्हणतो शब्दागणिक पैसे पडतात. पडू देत. हेटी


हॉल्मसी
१२ जुलै १९६९

प्रिय हेटी,

शपथपत्र सुनावणीच्या आदल्या दिवशी पोहोचलं. मी ते उशीखाली घेऊन झोपले.

शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. निरीक्षक म्हणजे किडकिडीत गृहस्थ, सर्दी झालेले. कंपनीचा बॅरिस्टर रुबाबदार. त्याने आधी तुझी पहिली जबानी वाचली, मग मिस्टर हेसमनी दुसरी. हॉल हसला, पण तुला भीती वाटत होती तसा नाही. किल्लीचा भाग आला तेव्हा सगळे पुढे वाकले. पॉटरची आई मोठ्याने म्हणाली, ‘म्हणजे म्हातारीने आपल्याला दरवर्षी डोंगरात नेलं ते या गल्लीसाठी,’ आणि मग नाक शिंकरलं. मला वाटतं तिचं खरं असावं. वकिलांचं ऐकलं नसतं तर घरच्यांनी मिस ऑगस्टांना सुखाने जगू दिलं नसतं, आणि ऐकावं तर आपली वाट अडली असती. तेव्हा त्यांनी ऐकलं, आपल्या पद्धतीने.

मग बॅरिस्टरने मला उभं केलं. ‘मिस पिलिंग, साध्या भाषेत सांगायचं तर फेअरक्लॉ यांनी लबाडी केली, नाही का?’ मी म्हटलं, ‘मालकिणीने सांगितलं तेच त्यांनी केलं, तिच्या देखत केलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. लबाडी असलीच तर ती वकिलांशी झाली, आणि वकिलांचं तुम्ही जाणा.’ निरीक्षकांनी रुमाल तोंडाला लावला. सर्दीमुळे असेल.

तरी तो बॅरिस्टर हुशार. त्याने हॉलकडे वळून विचारलं, ‘सहलीच्या दिवशी हॉल्मसीत मागे राहिलेलं खरोखर कुणीच नाही?’ सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि मागून मिसेस एंटव्हिसल उठल्या. आठवतात ना, मेंढ्यांचा वास सहन होत नाही म्हणणाऱ्या. ‘मी राहायचे,’ म्हणाल्या. ‘दरवर्षी.’ मला वाटलं, झालं, गेली गल्ली. बॅरिस्टरने अगदी गोड आवाजात विचारलं, ‘मग त्या दिवशी आपण गल्लीकडे गेला होता?’ त्या त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तशा बघत राहिल्या. ‘मी कशाला जाऊ? नवरा आणि सहा पोरं दिवसभर घराबाहेर. मी पलंगावर आडवी असायचे.’

निकाल शरद ऋतूत येईल. खाटकाने आज मला न मागता चांगला तुकडा दिला.

तुझी,
आयडा


हॉल्मसी
६ ऑक्टोबर १९६९

प्रिय हेटी,

गल्ली लोकांची ठरली. साखळी काल कापली. मी पहिली पाण्यात उतरले आणि पाणी इतकं गार होतं की आनंद व्यक्त करायला आवाजच फुटेना.

निकालपत्र लांबलचक आहे, पण एक परिच्छेद मी जसाच्या तसा उतरवून देते, कारण तो तुझा आहे:

‘श्री. एमस फेअरक्लॉ यांनी आपल्या सेवाकाळात दरवर्षी एक दिवस फाटक निष्ठेने बंद केले, याविषयी मला कोणतीही शंका नाही. त्यांनी मालकिणीची आज्ञा तंतोतंत पाळली. मात्र ते फाटक कोणासाठी बंद होते, हे कंपनीला दाखवता आलेले नाही.’

मिस्टर हेसम म्हणतात, अशा कागदात माणसाचं नाव घेऊन कुणी ‘निष्ठेने’ वगैरे लिहीत नाही. त्यांनी आजवर पाहिलेलं नाही.

फाटक आता उघडंच ठेवायचं, एक दिवसही लावायचं नाही, असा हुकूम आहे. घराच्या जागी फ्लॅट होणारच, ते काही थांबणार नाही. आम्हाला गल्ली राहिली, आणि ज्याच्या त्याच्या शेकोटीवर एकेक तुकडा.

तुझी,
आयडा


फ्रीमँटल
१५ ऑक्टोबर १९६९

प्रिय आयडा,

तुझं पत्र मी फाटकातल्या टपालपेटीपाशी उभी राहूनच फोडलं, आणि तो परिच्छेद वाचून तिथेच भर रस्त्यात रडायला लागले. क्लेम धावत आला, कोण गेलं म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, कुणी नाही, बाबांना सरकारने शाबासकी दिली. त्याने कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि डोक्यावरची हॅट काढली.

आयडा, मी फार घाबरले होते गं. घर पडलं, बाबा गेले, आणि त्यांचं जे एकमेव काम मला ठाऊक होतं तेही खोटं निघतंय की काय असं वाटत होतं. तुझ्यावर रागावले ती खरी त्या भीतीने. तू मला ‘असं आठव’ म्हणाली नाहीस, हे मी विसरणार नाही.

आम्ही तुमच्या पुढच्या उन्हाळ्यात येतोय. जहाजाची तिकिटं काढली. सहलीच्या वेळेला पोहोचू असं बघितलंय. क्लेमला तुमच्याबरोबर बसमध्ये घेऊन जा, त्याला मेंढ्या दाखव, इथे कमी आहेत असं त्याचं मत आहे. माझ्यासाठी जागा धरू नकोस. इतक्या वर्षांत सहलीच्या दिवशी त्या गल्लीतून एक माणूस गेलेलं नाही. तुम्ही सगळे निघून गेलात, गाव रिकामं झालं, की मी टॉवेल घेऊन जाणार आहे.

तुझी,
हेटी